दुसऱ्याचे कोठार

सोलापुरात ज्वारी घेताना भावाच्या आधी गाव विचारतात. माघ-फाल्गुनात बाजार समितीत नवा माल उतरू लागला, की घरोघरी वर्षाची ज्वारी भरण्याची गडबड सुरू होते, आणि दुकानदाराने पोत्यात हात घालून मूठभर दाणे पुढे केले, की ‘कुठली?’ हा प्रश्न ठरलेला असतो. ‘मंगळवेढ्याची’ असे उत्तर आले की खरी परीक्षा सुरू होते. दाणा तळहातावर पसरून त्याची मोत्यासारखी चमक बघायची, एखादा दाताखाली फोडून तो कडकडीत वाळला आहे की नाही हे ताडायचे, आणि शेवटी दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायचे. कारण मंगळवेढ्याच्या नावावर सोलापुरात जेवढी ज्वारी खपते तेवढी मंगळवेढ्याच्या शिवारात पिकते तरी का, ही माझ्या सासूबाईंची जुनी शंका होती. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून त्या म्हणाल्या होत्या, ‘‘आता तरी खोटं बोलायला घाबरतील.’’ कोणी घाबरल्याचे अजून माझ्या पाहण्यात नाही.

एवढी वर्षे ज्या गावची भाकरी खाल्ली ते गाव मी मात्र सांगली-कोल्हापूरकडे जाताना गाडीच्या खिडकीतून दिसते तेवढेच पाहिले होते. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचे माहेर मंगळवेढ्याचे आहे. तिने वेळ अमावस्येला शेतात जेवायला यायचे आमंत्रण दिले, आणि अमावस्येच्या सणाचे आमंत्रण टाळायचे नसते, असा दमही वर भरला. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे सोलापूर, धाराशिव, लातूर आणि पलीकडे कर्नाटकातल्या विजापूर-कलबुर्गीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचा मोठा सण. महाराष्ट्राच्या बाकीच्या भागात मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाही. लातूरकडे त्या दिवशी बाजारपेठा ओस पडतात आणि ज्याला शेत नाही तोही कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवायला जातो. आमच्याकडे त्याचा तेवढा गाजावाजा नसतो. पण ज्या घरांत कानडी बोलली जाते, त्या घरांत दिवाळी एक वेळ साधी होईल, वेळ अमावस्या होणार नाही.

सोलापूरहून मंगळवेढा ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. तिऱ्ह्याला सीना ओलांडायची, कामती मागे टाकायची आणि बेगमपूरला भीमा गाठायची, की मंगळवेढ्याची हद्द सुरू होते. भीमेच्या काठी माचणूरचा किल्ला आणि त्याखालचे सिद्धेश्वराचे घाटदार देऊळ आहे. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी इथे ब्रह्मपुरीला पडली होती. मराठ्यांचा बंदोबस्त करायला निघालेला हिंदुस्थानचा बादशहा दिल्ली-आग्र्यापासून इतक्या लांब, एका नदीच्या वळणावर वर्षानुवर्षे का बसून राहिला, याची राजकीय कारणे इतिहासकार सांगतात. मला मात्र किल्ल्याच्या तटावरून दोन्ही बाजूंची काळी शिवारे पाहताना वाटले, की एवढी माणसे आणि एवढी जनावरे जिथे पोसता येतील अशी जागा शोधताना बादशहाच्या कारभाऱ्यांनी नकाशापेक्षा कडब्याच्या गंजी अधिक नीट पाहिल्या असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण त्या शिवारांतून जी ज्वारी आणि जो कडबा छावणीत गेला असेल त्याचे दाम शेतकऱ्यांच्या हाती पडले असतील का, हा विचार मनात आला, आणि पुढे दिवसभर मंगळवेढ्याने त्याच विचाराभोवती मला फिरवले.

गावात शिरताना इतिहास कुठे अंगावर येत नाही. तालुक्याच्या कोणत्याही गावात असतात तशी खतांची दुकाने, मोबाइलची दुकाने, उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ. मात्र हे गाव एके काळी राजधानीचे होते. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जल इथून कारभार पाहत होता आणि इथूनच पुढे त्याने चालुक्यांचे कल्याण ताब्यात घेतले. कल्याणला जाण्यापूर्वी महात्मा बसवेश्वर याच बिज्जलाच्या पदरी मंगळवेढ्यात कारकुनी करत होते, तीही खजिन्याची. राजाच्या पैशाचा हिशेब लिहिता लिहिता त्यांनी कायक आणि दासोह हे दोन विचार मांडले: प्रत्येकाने कष्ट करावेत आणि कष्टातून आलेले वाटून खावे. लिंगायत परंपरेत एक कथा सांगतात. बसवण्णा जंगमांच्या जेवणावळींवर खजिना उधळतात अशी चहाडी राजाकडे गेली, राजाने खजिना मोजायला लावला, आणि एक नाणेसुद्धा कमी भरले नाही.

ही कथा मैत्रिणीच्या आईंनी मला दामाजींच्या देवळात सांगितली, आणि तिथेच ती सांगण्यात त्यांचे काहीतरी शहाणपण होते. दामाजीपंत पंधराव्या शतकातले, बेदरच्या बादशहाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहणारे. मोठ्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे परवानगी न घेता लोकांना उघडून दिली. बेदरहून पकडून आणण्याचा हुकूम सुटला. आणि दामाजी वाटेत पंढरपूरला विठोबाच्या दर्शनाला थांबले असताना इकडे बेदरच्या दरबारात घोंगडी पांघरलेला, हातात काठी असलेला एक महार हजर झाला. आपण दामाजींचा नोकर विठू आहोत असे त्याने सांगितले, धान्याची सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि तो निघून गेला. पावती सापडली ती दामाजींच्या पोथीत.

खजिन्याचा एक कारकून आणि कोठाराचा एक अंमलदार, दोघांमध्ये तीनशे वर्षांचे अंतर. एकाची भाषा कानडी, दुसऱ्याची मराठी. एकाचा देव इष्टलिंगाच्या रूपाने गळ्यात, दुसऱ्याचा विटेवर. तरी गावाने दोघांची सांगितलेली गोष्ट एकच आहे: दुसऱ्याचे कोठार ज्याच्या ताब्यात होते त्याने ते भुकेल्यांसाठी उघडले, आणि हिशेब तरीही जुळला. दुष्काळी मुलखातल्या माणसांनी चमत्कार कल्पिला तो आकाशातून धान्य पडल्याचा नाही. धान्य गावात होतेच, ते कुलपाखाली होते. चमत्कार लागला तो फक्त हिशेबवहीसाठी. दुष्काळ म्हणजे नेमके काय, हे या कथेला अनेक सरकारी अहवालांपेक्षा आधी आणि अधिक स्वच्छ कळले होते, असे माझे मत आहे.

काकूंना (मैत्रिणीच्या आईंना मी काकू म्हणते) ही कथा सांगताना १९७२ आठवत होते. त्या वेळी त्या नव्याने नांदायला आलेल्या होत्या. अमेरिकेची लाल मिलो रेशनवर यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. खडी फोडायला गेलेल्या बायकांना सुकडी मिळायची. ‘‘ज्वारीच्या गावात आम्ही परदेशातली ज्वारी खाल्ली बघा,’’ असे म्हणून त्या हसल्या. ते हसणे मला ऐकवले नाही. मग त्यांनी दामाजींना पुन्हा एकदा हात जोडले.

देवळातून निघताना मी चोखोबांचे विचारले. चोखामेळा मंगळवेढ्यात राहत होते आणि गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असताना कूस कोसळून त्याखाली गेले. परंपरा ते साल १३३८ सांगते. नामदेवांनी येऊन ढिगाऱ्यातली हाडे कानाशी धरली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. ज्या गावाच्या तटाखाली एक महार संत चिरडून गेला, त्याच गावाने शंभर-सव्वाशे वर्षांनंतर आपल्या अंमलदाराचे देणे फेडायला देव पाठवला, तो महाराच्या वेषात. गावाला काही टोचत होते म्हणून कथेने हा वेष निवडला, की देवाने खाली उतरायचे तर सगळ्यांत खालच्या पायरीवर उतरावे, एवढाच तिचा हिशेब होता, हे ठरवणे माझ्या आवाक्यातले नाही. पण दामाजींची गोष्ट भक्तीची म्हणून सांगून मोकळे होणाऱ्यांनी चोखोबांपाशी पाच मिनिटे थांबावे, असे मला वाटते. चोखोबा ज्या कुसावर राबले त्याच्या आत राहायचा त्यांना हक्क नव्हता. कोठारही आतच असणार.

कान्होपात्राही याच गावच्या. त्यांच्याविषयी बोलायचे तर स्वतंत्र लिहावे लागेल. बेदरच्या बादशहाचे बोलावणे त्यांनाही आले होते आणि त्याही पंढरपूरलाच धावल्या, एवढे इथे पुरे.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही शेतात पोचलो. मंगळवेढ्याची जमीन ज्याने पाहिली नाही त्याला तिचा काळेपणा सांगून पटत नाही. पुरुषभर खोल गेले तरी खडक लागत नाही अशी ही चिकण काळी माती पावसाळ्यात पाय ठेवू देत नाही आणि उन्हाळ्यात काठी जाईल एवढ्या भेगा पाडते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तोही मुख्यतः भाद्रपद-आश्विनात. म्हणून इथला शेतकरी खरिपाच्या नादी लागत नाही. पावसाळाभर रान मोकळे ठेवून, प्रत्येक पावसानंतर कुळवाच्या पाळ्या घालून तो जमिनीला पाणी पाजत राहतो, आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास तिफणीने ज्वारी पेरतो. त्यानंतर आभाळाकडून त्याला जवळजवळ काहीच नको असते. जमिनीत मुरलेली ओल, थंडी आणि पहाटेचे दव यांवर पीक उभे राहते. या ओलीची राखण म्हणजे कोळपणी: कोळप्याने वरचा थर मोकळा केला की भेगा बुजतात आणि खालची ओल वर येऊन उडून जात नाही. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे म्हणतात ते त्यामुळे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालले आहे आणि त्या संशोधनाच्या मुळाशी हीच साधी गोष्ट आहे, की या मुलखात पाणी तळ्यात साठवण्याआधी मातीत साठवावे लागते.

मैत्रिणीचे दादा हे सगळे मला बांधावर उभे राहून सांगत होते. ज्वारी छातीला लागत होती आणि बांधाच्या कडेने करडईच्या ओळी होत्या. करडईच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. हे वाण मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ तयार झाले आणि पुढे कितीतरी नवी वाणे आली तरी रब्बीच्या ज्वारीत त्याचे नाव पुसले गेले नाही. कारण विचारले तर दादा म्हणाले, ‘‘नव्या वाणाचं उत्पन्न जास्त येतं हो. पण भाकरी आमच्या तोंडात बसत नाही, आणि कडबा बैलांच्या तोंडात बसत नाही.’’ शास्त्रज्ञांच्या तक्त्यात एकरी उतारा पहिल्या रकान्यात असतो. दादांच्या तक्त्यात चव आणि कडबा हे दोन रकाने त्याच्या आधी होते, आणि दोन्हींची परीक्षा करणारे जीव वेगळे होते.

केंद्र सरकार दर वर्षी आधारभूत किमती जाहीर करते, त्यात ज्वारीच्या दोन ओळी असतात: एक संकरित ज्वारीची, एक मालदांडीची. एका जिल्ह्याच्या मातीत घडलेल्या वाणाचे नाव देशाच्या यादीत स्वतंत्र असावे, याचा मला शहरातली म्हणून अभिमान वाटला आणि तो मी बोलून दाखवला. दादांनी शांतपणे आकडे सांगितले. २०२४-२५ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये आणि मालदांडीला ३,४२१ रुपये. म्हणजे त्या सगळ्या मोत्यासारख्या चमकेची, चवीची आणि कडब्याची सरकारी किंमत क्विंटलला ५० रुपये.

तेवढ्यात खोपीकडून हाक आली. शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप केली होती आणि तिच्यावर काकूंची ठेवणीतली इरकल साडी पांघरली होती. आत पाच दगडांना चुन्याचा हात देऊन, वर हळद-कुंकू लावून मांडलेले पांडव होते, आणि त्यांच्यापुढे मातीच्या नव्या मडक्यात आंबील. शेतात पीक पोटरीत असताना हा सण येतो. ताटाच्या शेंड्याशी पानाच्या वेढ्यात कणीस दडलेले असते, बाहेर आलेले नसते; आणि अशा दिवसांतल्या भूमीचे हे डोहाळजेवण. दादांच्या धाकट्या मुलीने उत्सुकतेने एका ताटाची पोटरी चिरून आत बघायचा प्रयत्न केला तेव्हा काकू एरवी बोलत नाहीत अशा आवाजात तिच्यावर ओरडल्या. कानडीत ओरडल्या, त्यामुळे शब्द मला कळले नाहीत. मुलीला कळले, आणि तिने हात मागे घेतला.

डोहाळजेवण म्हटले की सगळ्या चवी आल्या. भज्जी हा या दिवसाचा मानकरी पदार्थ: तुरीचे कोवळे सोले, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर असे त्या दिवशी शिवारात आणि बाजारात जे जे हिरवे मिळेल ते सगळे एकत्र शिजवून, ताकात कालवलेले बेसन लावून केलेली. ती कढीसारखी पातळ नसते आणि पातळभाजीसारखी आळलेलीही नसते. तिला तिचीच चव असते. तिच्याबरोबर ज्वारीचे उंडे, कडक भाकरी, शेंगांच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील आदल्या रात्री ज्वारीचे पीठ शिजवून, सकाळी त्यात ताक, लसूण आणि जिऱ्याचे वाटण घालून केलेली होती. काकूंनी तांब्याने ती माझ्या वाटीत ओतली तेव्हा ती किंचित आंबूस, किंचित धुरकट आणि इतकी थंडगार होती, की डिसेंबरच्या उन्हात उभे असूनही अंगावर शहारा आला.

मात्र जेवायला बसण्याआधी दादांनी ताटातला थोडा थोडा नैवेद्य एका टोपलीत घेतला आणि शेताच्या चारी कडांनी फिरून तो पिकावर शिंपडला. मागून दुसऱ्याने आंबील शिंपडायची आणि सगळ्यांनी मिळून एक कानडी वळणाची आरोळी द्यायची. शेजारच्या शेतांतूनही तशाच आरोळ्या ऐकू येत होत्या, काही जवळून, काही लांबून. पिकात उंदीर असतील, पाखरे असतील, मुंग्या असतील. त्या दिवशी त्यांचाही वाटा ठरलेला. मग पहिली पंगत बसली ती घरच्यांची नव्हती. बांधावरच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ‘या, जेवून जा’ असे बोलावले जात होते आणि कोणी नाही म्हणत नव्हते. एक पोस्टमन, पंपाच्या दुरुस्तीचे काम उरकून परत निघालेले दोन तरुण, शेळ्या वळणारी एक म्हातारी आजी आणि तिच्या शेळ्या, असे सगळे आमच्या आधी जेवले. बसवण्णांचा दासोह मी पुस्तकात वाचला होता; इथे त्याला कोणी ते नावही देत नव्हते.

मी मात्र मनात होते ते काकूंना विचारून घेतले. हे आवताण पूर्वी सगळ्यांनाच असे का? काकूंनी आडपडदा ठेवला नाही. त्यांच्या सासूच्या काळात वाड्याबाहेरच्या वस्तीतल्या बायका टोपली घेऊन यायच्या, त्यांना भरपूर मिळायचे, पण ते बांधाबाहेर. ‘‘पंगतीत बसवायला मी सुरुवात केली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.’’ या वाक्यात फुशारकी नव्हती. त्यांनी लगेच पुढच्या पानावर भज्जी वाढली.

जेवणानंतर गप्पा पेवांवर आल्या. गावातल्या जुन्या वाड्यांतून जमिनीखाली पेवे असायची: तोंड अरुंद, पोट मोठे, आतून कडब्याचे अस्तर लावलेले. ज्वारी भरून तोंड बंद केले की आतली हवा संपते, किडे जगत नाहीत आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. भिंतीलगतचा थर तेवढा काळपटतो आणि त्याला पेवाचा वास लागतो. पण जी हवा किड्याला मारते ती माणसालाही मारते. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसे. आधी दिवसभर तोंड उघडे ठेवायचे, मग कंदील दोरीने खाली सोडायचा, आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. दादांच्या आजोबांनी त्यांना हे सांगितले होते. कंदील विझला असताना धनी ‘उतर’ म्हणाला म्हणून उतरलेल्या गड्यांच्या गोष्टीही त्यांच्याकडे होत्या. धान्य साठवण्याचे हे तंत्र अतिशय हुशारीचे होते, यात शंका नाही. पण प्रत्येक हुशारीत आत उतरणारा माणूस वेगळा असतो आणि दोरी धरणारा वेगळा.

आता पेवे बुजली. दादांच्या घरी पत्र्याची कोठी आहे, आणि तीही पूर्वीएवढी भरत नाही. त्यांच्या बारा एकरांपैकी निम्म्या रानात ऊस आहे. १९८० साली उजनी धरण झाले, कालवे आले, आणि आज महाराष्ट्रात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचे नाव पुढे आहे. कालव्याचे पाणी ज्याला मिळाले त्याने ज्वारी सोडली, यात त्याला दोष कसा द्यावा? ज्वारी काढणे म्हणजे ताट मुळासकट हाताने उपटणे. कंबर मोडणारे काम, त्याला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. दुसरीकडे तालुक्याच्या दक्षिणेकडची ३५ गावे पाण्यासाठी इतकी वर्षे झगडत आली, की ‘३५ गावांचा पाणीप्रश्न’ हे शब्द जिल्ह्यातल्या पोरालाही पाठ आहेत आणि प्रकरण मतदानावर बहिष्कार टाकण्यापर्यंत गेले होते. एकाच तालुक्यात एकाकडे उसाला पाणी आहे आणि दुसऱ्याकडे हंड्याला नाही. बादशहाचे कोठार उघडायला दामाजी तरी होते. धरणाच्या दरवाजाची किल्ली कोणाच्या पोथीत सापडणार आहे, असे मी म्हणाले. दादा म्हणाले, ‘‘ताई, किल्ली कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पावती कोण आणून देणार ते सांगा.’’

दादांचा थोरला मुलगा पुण्यात पदवी घेऊन परत आला आहे. त्याला ज्वारी सोडायची नाही, पण बापासारखी विकायचीही नाही. जानेवारीत पीक हुरड्यावर आले, की शेतात हुरड्याचे केंद्र सुरू करायचे त्याने ठरवले आहे. हुरड्यासाठी त्याने गूळभेंडीचे दोन पट्टे वेगळे पेरले आहेत. गोवऱ्यांची आगटी, भाजलेल्या कणसांतून चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत शेंगाचटणी, खोबरे, गूळ, रानातली बोरे. माणशी अमुक रुपये, लहान मुलांना निम्मे. सोलापूरहून आणि पुण्याहून गाड्या भरून माणसे येतात, हे त्याने इतरांच्या शेतांत पाहिले आहे. त्याने हिशेब करून दाखवला, आणि तो बरोबर होता: क्विंटलमागे जेवढे मिळते तेवढे चार कुटुंबांच्या एका दुपारच्या जेवणात सुटते. भाकरीला नावे ठेवून चपाती खाणाऱ्या पिढीची नातवंडे आता साखर वाढली म्हणून ज्वारीकडे वळली आहेत आणि तिच्यासाठी पैसे मोजायला तयार आहेत, तर ते पैसे दलालाऐवजी पिकवणाऱ्याच्या हाती का पडू नयेत, या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर मला त्याचेच पटत होते. हुरडा पार्टी या प्रकारावर ‘संस्कृतीचा बाजार झाला’ म्हणून नाक मुरडणारे लेख मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांनी कधी ज्वारी उपटलेली नसते.

काकूंचा विरोध पैशाला नव्हता. त्यांचा विरोध फलकाला होता. मुलाने दरपत्रकाचा फलक रंगवून आणला होता आणि तो वाटेच्या तोंडाशी, बाभळीखाली उभा करायचा त्याचा बेत होता, म्हणजे हमरस्त्यावरून दिसेल. काकू म्हणत होत्या, की ही वाट शेळ्यावाल्या आजीची आहे, पोस्टमनची आहे, शाळेत जाणाऱ्या पोरांची आहे. आगटी पेटलेली दिसली की माणूस आपसूक वळतो, आणि वळलेल्या माणसाला पहिल्यांदा आकडा दिसता कामा नये. मुलगा म्हणत होता, की मग फुकट्यांची रांग लागेल. त्यावर दादा काहीच बोलत नव्हते. बराच वेळ वाद चालला, अर्धा मराठीत, अर्धा कानडीत, आणि मैत्रीण मला मधूनमधून सांगत होती. शेवटी ठरले ते असे: फलक बांधाच्या आत, मोटारी लावायच्या जागेजवळ उभा करायचा, तोंड आतल्या बाजूला, गाडीतून उतरलेल्याने तो वाचायचा आणि पैसे द्यायचे. वाटेने पायी आलेल्यासाठी काकू स्वतः आगटीपाशी बसणार. रोज किती कणसे त्यांच्या वाट्याची, यावर मात्र नातू अडून बसला. पाच पेंढ्या, असे तो म्हणाला. काकूंनी दहा मागितल्या. आम्ही निघालो तेव्हा सौदा सातवर आला होता आणि तुटलेला नव्हता.